भूगर्भातील धन आणि त्याचे मोल

मनमाडकरांपुढे देशाच्या खनिज संपत्तीविषयी बोलावयास उभे राहताना आम्हांस थोडा संकोच वाटला होता. या गावाला मोठे जंक्शन आहे, धान्याची प्रचंड गोदामे आहेत, पुलांचे गर्डर बनविणारा रेल्वेचा कारखाना आहे. परंतु धातूची म्हणावी अशी एकही खाण पंचक्रोशीत नाही. आहे तो काळा दगड, आणि त्याचा व्यवहार खडी व मुरूम यांच्यापुरता, तोही ब्रासाच्या मापाने. असे असूनही व्याख्यानाला गर्दी झाली आणि व्याख्यान संपल्यावर प्रश्नही पुष्कळ आले. त्यांतील एक प्रश्न आमच्या मनात राहिला. मागच्या रांगेतील एक वयस्क गृहस्थ उठून म्हणाले, "देशात इतके कोटी टन लोखंड आहे असे वर्तमानपत्रांत येते. लोखंडाचा भाव आम्हांला ठाऊक आहे. दोहोंचा गुणाकार केला की झाली किंमत. याला तासभर व्याख्यान कशाला?" श्रोते हसले, आम्हीही हसलो. वेळ संपल्यामुळे उत्तर तोकडे दिले गेले. ते येथे पुरते देण्याचा प्रयत्न करतो.

गुणाकारापासूनच सुरुवात करू. मनमाडहून दक्षिणेकडे निघाले की अंकाई-टंकाईची जोडी दिसते. या डोंगरांचा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारसाचे लोट एकावर एक पसरत गेले आणि थिजले. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग त्याच दगडाचा आहे. या दगडात वजनाने शेकडा नऊ-दहा भाग लोखंड असते. एक किलोमीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच उंच असा त्याचा ठोकळा डोळ्यांपुढे आणावा. त्याचे वजन सुमारे २९० कोटी टन भरेल आणि त्यात २६ कोटी टनांच्या आसपास लोखंड असेल. आता याला बाजारभावाने गुणा! त्या गृहस्थांच्या रीतीने पाहिले तर मनमाडकरांनी दगडावर बसून राहावे, दुसरे काही करण्याची गरज नाही. पण अंकाईचा दगड कोणी भंगारवाला किलोवर घेईल काय? त्या लोखंडाची सिलिकेशी अशी घट्ट गाठ बसलेली आहे की ती सोडवावयास लागणारे इंधन निघणाऱ्या लोखंडापेक्षा महाग पडेल. म्हणून लोखंड असलेला प्रत्येक दगड लोखंडाचे खनिज होत नाही. ज्या दगडातून धातू काढून विकल्यावर सर्व खर्च भागून हाती काही उरते, त्यालाच व्यवहारात खनिज म्हणावयाचे. व्याख्येतच खर्च आला, भाव आला, गाडीभाडे आले. भूगर्भशास्त्रज्ञाने कितीही अचूक वजन केले तरी मोल केवळ त्याच्या तराजूने ठरत नाही.

याचा उत्तम दाखला आपल्या विदर्भात घडलेला आहे आणि तो थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. १८८२ साली रिटर फॉन श्वार्ट्झ या तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोखंडाच्या धंद्याविषयी एक अहवाल लिहिला. त्यात सिंदेवाहीच्या बाजूस असलेल्या लोहारा येथील टेकडीची फार वाखाणणी होती. गावाचे नावच लोहारा. जुने लोहार तेथल्या दगडातून पिढ्यान्‌पिढ्या लोखंड काढीत आलेले. शिवाय वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणी त्याच जिल्ह्यात. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ पासून चालू होती. हा अहवाल त्यांच्या हाती पडला आणि पोलादाच्या कारखान्याचा विचार त्यांच्या मनात शिरला. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा तपासून घेतला. तो झोतभट्टीला लागणारा कोक देण्याजोगा नव्हता. त्यात खाणपट्ट्यांचे त्या वेळचे सरकारी नियम जाचक. विषय तेथेच थांबला.

टेकडी मात्र जागच्या जागी उभी होती. तिच्यातील लोखंड रतिभरही कमी झाले नव्हते. मग १८८२ साली देशाच्या वहीत तिची किंमत किती मांडावयाची? खरे उत्तर शून्य असे आहे. कोळसा दुसरीकडून आणावा तर तो आणण्याचा खर्चच पोलादाचा नफा खाऊन टाकणार.

पुढे १८९९ साली लॉर्ड कर्झन यांच्या अमदानीत खाणकामाचे नियम सैल झाले आणि जमशेटजींनी विषय पुन्हा हाती घेतला. अमेरिकेतून सी. एम. वेल्ड नावाचे भूगर्भशास्त्रज्ञ आले. ते, जमशेटजींचे पुत्र दोराबजी आणि भाचे शापुरजी सकलातवाला चांद्याच्या रानात हिंडले. (हेच सकलातवाला पुढे विलायतेच्या पार्लमेंटात कम्युनिस्ट सभासद म्हणून निवडून गेले, ही त्यातील एक गंमत.) मुंबईहून नागपूर-चांद्याकडे जावयाचे तर आगगाडीचा रस्ता मनमाड-भुसावळवरूनच; तेव्हा ही मंडळी आपल्या स्टेशनावरून गेली असली पाहिजेत. लोहाऱ्याचे खनिज कसदार होते, पण ते विखुरलेले निघाले. मोठ्या कारखान्याला अनेक वर्षे पुरेल असा त्याचा साठा वेल्डना दिसेना. काम सोडून देत असल्याचे सरकारी अधिकाऱ्यांना कळवावे म्हणून दोराबजी नागपुरास गेले. भेटीला अवकाश होता, म्हणून सहज समोरच्या म्युझियममध्ये शिरले. तेथे मध्यप्रांताचा एक भूगर्भीय नकाशा लावलेला होता आणि त्यावर द्रुग जिल्ह्यात लोखंडाची खूण गडद रंगाने दाखविलेली होती. प्रमथनाथ बोस या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञांनी त्या भागाची पाहणी पूर्वीच करून ठेवली होती. मंडळी तिकडे धावली. ते ठिकाण म्हणजे डल्ली-राजहरा. तेथे डोंगरच्या डोंगर लोखंडाचा. चालताना पायाखाली धातूसारखा नाद येई, असे वर्णन आहे.

येथे गोष्ट संपावयास हवी होती, पण संपली नाही. डल्ली-राजहऱ्याच्या आसपासही कोक देणारा कोळसा नव्हता आणि पाण्याची सोय नव्हती. एवढ्यात त्याच प्रमथनाथ बोसांचे १९०४ साली पत्र आले की, मयूरभंज संस्थानात गोरुमहिसानी येथे लोखंडाचा मोठा डोंगर आहे. तेथून झरियाचा कोळसा जवळ. कारखाना तिकडे, साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला गेला. १९०७ साली कंपनी स्थापन झाली आणि १९१२ साली पोलाद निघाले. डल्ली-राजहरा पुन्हा निजला. पन्नास वर्षांनी, १९५५ मध्ये सोव्हिएट रशियाशी करार होऊन भिलाईचा कारखाना ठरला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, ती याच डल्ली-राजहऱ्याच्या दगडावर. १९०४ साली ज्याच्यावर पाणी सोडले, तेच अर्धशतकाने राष्ट्राचे धन ठरले. आणि आता त्या डोंगरातील उत्तम माल सरत आल्यामुळे भिलाईला रावघाटच्या खाणींकडे वळावे लागले आहे. एकाच डोंगराने कफल्लकपणा, श्रीमंती आणि म्हातारपण अशा तिन्ही अवस्था पाहिल्या. यांतील पहिला बदल घडला तेव्हा डोंगरात काहीच बदलले नव्हते. बदलले ते भोवतालचे रूळ, भट्ट्या आणि सरकारचे धोरण.

गाडीभाड्याचा प्रताप मनमाडकरांस अधिक ओळखीचा असावा. नागपूर व भंडारा जिल्ह्यांत १९०० च्या सुमारास मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या. मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही नावे त्या धंद्यात सर्वतोमुखी आहेत. कठीण पोलाद करण्यास मँगनीज अवश्य लागते. १९३३ साली विशाखापट्टणचे बंदर उघडेपर्यंत हा माल परदेशी जावयाचा तो मुंबई किंवा कलकत्त्याहून. मुंबईकडे जाणाऱ्या वाघिणी अर्थातच मनमाडवरून जात. भाडे टनावर आकारतात. त्या टनात धातू किती याची चौकशी रेल्वे करीत नाही, आणि बोटवालाही करीत नाही. मग व्यापारी काय करील? शेकडा पन्नास मँगनीज असलेला माल पाठवील आणि पस्तीस-चाळीसचा खाणीच्या तोंडाशी टाकून देईल. अशा रीतीने उत्तम माल निवडून निवडून बाहेर गेला व हलका माल ढिगाऱ्यांत पडून राहिला. टन मोजणाऱ्याच्या वहीत ते दोन्ही सारखेच. १९६२ साली या खाणी केंद्र व राज्य सरकारांच्या भागीदारीतील कंपनीकडे आल्या आणि १९७७ साली उरलेला विलायती भागही सरकारने घेतला. तोवर साठ-सत्तर वर्षांची निवड होऊन गेली होती.

आता मोजणी होते कशी ते पाहू. डोंगराला बोअर घेतात. ठरावीक अंतरांवर जमिनीत पोकळ हिऱ्याचे गिरमिट उतरवून आतल्या दगडाच्या गोल कांड्या वर काढतात, पेट्यांत क्रमाने मांडतात, प्रत्येक कांडीचे पृथक्करण करतात. दोन बोअरांच्या मधल्या जागी काय असेल याचा अंदाज बांधतात. बोअर जवळ जवळ असतील तर अंदाज पक्का, दूर दूर असतील तर कच्चा. प्रत्येक बोअरला पैसा लागतो, म्हणून सगळा डोंगर कोणीच चाळणी करून पाहत नाही. विहिरीला पाणी लागेल की नाही हे सांगणाऱ्या पाणाड्यापेक्षा ही विद्या पुष्कळ पुढे गेलेली आहे, तरी तिच्यात अंदाजाचा अंश असतोच आणि प्रामाणिक शास्त्रज्ञ तो लपवीत नाही.

हा कच्चेपणा-पक्केपणा आकड्यातच दिसावा म्हणून संयुक्त राष्ट्रांनी एक वर्गवारी तयार केली व भारताने ती स्वीकारली. तीन अंकांची ती खूण असते. पहिला अंक पैशाच्या दृष्टीने परवडते की नाही ते सांगतो, दुसरा खाण खरोखर काढता येईल याचा अभ्यास किती झाला ते, आणि तिसरा डोंगराच्या पोटाची माहिती किती पक्की ते. १११ अशी खूण असली की माल जवळजवळ कोठारात आहे असे समजावे. ३३४ असली तर कोणीतरी रानातून फिरून आला आहे आणि 'तेथे काहीतरी आहे' म्हणतो आहे, एवढाच अर्थ. पहिल्या प्रकाराला साठा म्हणतात, शेवटच्याला नुसती संभाव्य संपत्ती. वर्तमानपत्रांत जे अवाढव्य आकडे येतात त्यांत पुष्कळदा या दोहोंची सरमिसळ झालेली असते. रोख रक्कम आणि 'मामा देणार आहेत' ही रक्कम एका ओळीत मांडावी तसे ते होते.

देशभरच्या या मोजणीचे मुख्य दप्तर आपल्याच राज्यात आहे. इंडियन ब्युरो ऑफ माइन्स हे १९४८ साली स्थापन झालेले खाते. त्याची मुख्य कचेरी नागपूरला आहे. खनिजात धातू किमान किती असला म्हणजे ते हिशेबात धरावे याची मर्यादा हे खाते ठरवते. लोखंडाच्या तांबड्या खनिजाला ही मर्यादा एके काळी शेकडा ५५ होती, ती पुढे ४५ वर आणली गेली. एका परिपत्रकाने कोट्यवधी टन दगड कचऱ्यातून संपत्तीत आला; एकही कुदळ न मारता! आम्ही हे थट्टेने सांगत नाही. हलका माल धुऊन, दळून, चुंबकाने निवडून वापरण्याची यंत्रे आली म्हणूनच ही मर्यादा उतरली.

आता किंमत. समजा, एक टन लोह-खनिज स्टेशनापाशी ४,००० रुपयांस विकले जाते. खोदाईला ८०० लागले, फोडणे-धुणे ३००, वाहतूक १,२००, आणि यंत्रांत गुंतविलेल्या भांडवलाचे व्याज व खाणवाल्याचा वाजवी नफा मिळून ५००. बेरीज २,८०० झाली. उरले १,२००. (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.) मजुराला मजुरी मिळाली, रेल्वेला भाडे, खाणवाल्याला नफा; मग हे बाराशे कोणाच्या श्रमाचे? कोणाच्याच नव्हे. ते त्या दगडाचे स्वतःचे मोल. शेतकरी जमीनमालकाला जो खंड देतो त्याच जातीचे ते आहे आणि अर्थशास्त्रातही त्याला खंडच म्हणतात. देशाच्या खनिज संपत्तीची किंमत म्हणजे आज व पुढे मिळणाऱ्या या खंडाची किंमत होय. ४,००० हा भाव धरून केलेला गुणाकार मजुरी, डिझेल आणि गाडीभाडे यांनाही भूगर्भातील धन समजतो.

यात भाव हलला की काय होते पाहा. भाव ४,००० वरून २,८०० वर, म्हणजे शेकडा तीसने उतरला तर खंड शेकडा तीसने उतरत नाही, तो साफ नाहीसा होतो. हे केवळ पुस्तकी नाही. जगाच्या बाजारात लोह-खनिजाचा भाव २०११ साली टनास दीडशे डॉलरच्या वर होता आणि २०१५ च्या अखेरीस तो चाळीसच्या आसपास आला. कर्नाटकातील कोलारची सोन्याची खाण २००१ साली बंद झाली. सोने संपले म्हणून ती बंद झाली नाही. तीन किलोमीटरांहून खोल जाऊन ते वर आणण्याचा खर्च सोन्याच्या त्या वेळच्या भावाला पेलेना, म्हणून झाली.

दुसरी अडचण काळाची. डोंगर काही एका वर्षात खणून होत नाही. पन्नास वर्षांनी मिळणारे शंभर रुपये आज किती धरावयाचे? हुंडीचा वटाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगावयास नको. दरसाल शेकडा ८ दराने पन्नास वर्षांनंतरच्या शंभर रुपयांची आजची किंमत दोन रुपये तेरा पैसे होते. शेकडा ४ ने चौदा रुपये सात पैसे. दरवर्षी शंभर रुपये खंड देणारी, पन्नास वर्षे चालणारी खाण ८ टक्क्यांनी सुमारे १,२२३ रुपयांची, तर ४ टक्क्यांनी २,१४८ रुपयांची. दर कोणता धरावा हे कोण ठरविणार? बँकवाला एक सांगेल, नातवंडांचा कैवारी दुसरा. आमचे मत विचाराल तर, जी वस्तू पुढच्या पिढ्यांचीही आहे तिला सावकारी दर लावणे बरे नव्हे. पण हे मत आहे, गणित नव्हे, आणि ते तसेच समजावे.

इतका खटाटोप करून किंमत कशाला काढावयाची, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण गोमंतकात पाहावयास मिळते. तेथील लोह-खनिज पोर्तुगीज अमदानीत, १९५० नंतर, जपानला जाऊ लागले. त्या वेळच्या परवान्यांचे १९८७ च्या कायद्याने खाणपट्ट्यांत रूपांतर झाले. उत्तम माल गेला, हलक्याचे डोंगराएवढे ढीग खाणींच्या बाजूस साठले. पुढे चीनने पोलादाच्या भट्ट्या वाढविल्या आणि ते टाकलेले ढीगही विकले जाऊ लागले. २०१०-११ साली गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर गेले. सरकारला मिळणारे स्वामित्वधन, ज्याला आपण सर्व रॉयल्टी म्हणतो, ऑगस्ट २००९ पर्यंत टनामागे ठरावीक रुपये इतकेच होते. भाव कितीही चढो, सरकारच्या पदरी तेच. मग ते किमतीच्या शेकडा १० झाले व २०१४ मध्ये शेकडा १५. मधल्या काळात चढलेल्या भावाचा खंड कोणाकडे गेला, हे वर दिलेल्या वजाबाकीवरून ज्याचे त्याने ताडावे. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, आणि विक्रीच्या शेकडा १० रक्कम एका कायम निधीत टाकण्यास सांगितले, पुढच्या पिढ्यांसाठी. भारतात खनिजाच्या पैशाला मुद्दल म्हणून वागविण्याचा हा ठळक प्रसंग.

मुद्दल हा शब्द येथे मुद्दाम वापरला. मनमाडच्या बाजारपेठेतील कोणताही दुकानदार संध्याकाळचा गल्ला म्हणजे नफा असे समजत नाही. त्यातून मालाची खरेदी वजा करतो. आणि घरातले जुने सोने मोडून आलेले पैसे दुकानाच्या नफ्यात मांडणाऱ्याला आपण काय म्हणू? राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात मात्र सगळे देश अनेक वर्षे असेच करीत आले. डोंगर खणून विकला की ते उत्पन्न. डोंगर कमी झाला याची वजाबाकी कोठेच नाही. यंत्र झिजले तर घसारा धरतात, डोंगर झिजला तर धरीत नाहीत. प्रशांत महासागरातील नाऊरू हे चिमुकले बेट १९६८ साली स्वतंत्र झाले. फॉस्फेटच्या जोरावर ते १९७० नंतरच्या काही वर्षांत दरडोई उत्पन्नात जगातील अग्रेसर देशांत गणले जाई. फॉस्फेट संपले, गुंतविलेला निधी गैरव्यवहारांत व उधळपट्टीत गेला, आणि बेटाचा मधला भाग खणून ओसाड झाला.

मग किती खर्चावे आणि किती राखावे? सालाह एल सेराफी या अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ साली याची एक सोपी रीत मांडली. खाण संपल्यावरही तितकेच उत्पन्न कायम चालू राहील इतके दरवर्षी बाजूस टाकावे. तेवढे मुद्दल, उरलेली खरी मिळकत. व्याजाचा दर शेकडा ४ धरला आणि खाण पन्नास वर्षे चालणार असेल तर शंभर रुपये खंडातून साडेतेरा रुपये बाजूस टाकले की पुरे. खाण दहाच वर्षे चालणार असेल तर शंभरातले पासष्ट टाकावे लागतात. म्हणजे जितक्या घाईने डोंगर खणाल तितका खर्चावयाचा हक्क कमी. ही गोष्ट राज्यकर्त्यांना आवडण्याजोगी नाही, कारण घाईच्या वर्षांतच तिजोरी भरलेली दिसते.

हा विचार आपल्या दाराशी येऊन ठेपला आहे. गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. तेथील लोह-खनिजाचा पट्टा २००७ साली दिला गेला. नक्षलवाद्यांच्या विरोधामुळे काम अडले. डिसेंबर २०१६ मध्ये तेथे वाहनांची मोठी जाळपोळ झाली. २०२१ पासून खोदाई नियमित सुरू झाली आणि २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टनांपर्यंत माल काढण्यास परवानगी मिळाली. लोहाऱ्याला जे एकोणिसाव्या शतकात साधले नाही ते चांद्याच्या त्या जुन्या मुलुखात आता साधत आहे. रोजगार आला, कारखाने येत आहेत, आणि जंगलातील त्या तालुक्यांना त्याची गरज नाही असे म्हणण्याचा अधिकार मनमाडात बसून आम्हांस नाही. पण त्याच डोंगरावर माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचे ठाणे आहे, तेथे यात्रा भरते. बांबू, मोह, तेंदूपाने याच रानातून येतात. यांतील तेंदूपानाची किंमत काढता येईल; ठाकूरदेवाची कोणत्या वटावाने काढणार? आमच्या मते ती काढूही नये. हिशेबाच्या वहीत तेथे आकडा न लिहिता शेरा लिहावा आणि निर्णय घेणाऱ्यांनी तो शेरा वाचावा. ग्रामसभांना विचारणे म्हणजे दुसरे काय?

खाणीच्या जिल्ह्याला काही मिळावे म्हणून २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने निर्माण झाली. जुन्या पट्टेदारांनी रॉयल्टीच्या शेकडा ३० आणि लिलावाने पट्टे घेणाऱ्यांनी शेकडा १० रक्कम त्यांत भरावयाची असते. पाणी, शाळा, दवाखाने यांवर ती खर्च होते. योजना चांगली आहे. पण ती खर्चाची योजना आहे, राखून ठेवण्याची नव्हे. हा भेद विसरता कामा नये. २०१९ च्या राष्ट्रीय खनिज धोरणाने खनिजे हा सामायिक वारसा असून सरकार त्याचे विश्वस्त आहे असे म्हटले. सांख्यिकी खात्याने २०१८ मध्ये जमीन, जंगल, पाणी यांच्याबरोबर खनिजांचाही हिशेब प्रसिद्ध केला. आणि मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी राष्ट्रीय हिशेबाची जी नवी पद्धत संमत केली तिच्यात खनिजांची घट हा उत्पादनाचा खर्च म्हणून धरावयाचा आहे. यंत्राप्रमाणे डोंगरालाही घसारा लागणार.

त्या वयस्क गृहस्थांनी सभा सुटल्यावर आम्हांस जिन्यात गाठले आणि विचारले, "हे सगळे ठीक. पण आमच्या राज्याच्या बजेटात हा पैसा कोठे दिसतो?" प्रश्न नेमका होता. सरकारने एखाद्या सरकारी कंपनीचे शेअर विकले तर ती रक्कम भांडवली जमेत मांडतात, कारण मालमत्ता विकली गेली. खनिजाची रॉयल्टी मात्र महसुली जमेत, करेतर महसुलाच्या सदराखाली येते, आणि पगार, पेन्शन, व्याज यांच्या खर्चात मिसळून जाते. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने निर्णय दिला की, रॉयल्टी हा कर नाही. खनिज काढू दिल्याबद्दल पट्टेदाराने मालकाला द्यावयाचा तो मोबदला आहे. म्हणजे विक्रीचा पैसा हे न्यायालयाच्या बोलण्यातून जवळजवळ निघाले. बजेटातील रकाना मात्र अजून जुनाच आहे. पुढच्या मार्चात बजेट छापून येईल तेव्हा ते पान काढून पाहा, असे आम्ही त्यांना सांगितले. त्यांनी खिशातून डायरी काढून 'करेतर महसूल' हे दोन शब्द लिहून घेतले.